निरभ्र दिवसाची नोंद

फाल्गुन सरत आला की पुण्यापासून नगर-सोलापूरपर्यंत एकसारख्या दिवसांची रांग लागते. आकाश स्वच्छ, पाऊस नाही, वाऱ्याला जोर नाही. पहाटे गारवा, दुपारी उन्हाचा चटका, संध्याकाळी पुन्हा जरा बरे. वर्तमानपत्रातल्या हवामानाच्या चौकटीत आज छापलेले आकडे उद्या जेमतेम अर्ध्या-एका अंशाने बदलतात. वेधशाळेच्या नोंदवहीत तर अशा दिवसाचे वर्णन आणखी थोडक्यात आटोपते : ढग शून्य, पर्जन्य निरंक.

वादळ, गारपीट किंवा उष्णतेचा उच्चांक असला की सगळ्यांचे लक्ष आकाशाकडे जाते. या साध्या दिवसांकडे फारसे कोणी पाहत नाही. हवामान समजून घ्यायचे असेल, तर मात्र सुरुवात याच दिवसांपासून करावी असे मला मनापासून वाटते. ढग-पावसाची गुंतागुंत नसल्यामुळे ऊन, जमीन, वारा आणि बाष्प यांचे आपसातले व्यवहार या दिवसांत उघडे दिसतात. शिवाय ‘यंदा उन्हाळा फार लवकर तापला’ या वाक्याला अर्थ येतो तो मागच्या असंख्य साध्या दिवसांच्या नोंदी कोणीतरी नेमाने करून ठेवल्या म्हणूनच.

दिवस तापतो कसा

२१ डिसेंबरला पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंचीवर असतो. २१ मार्चच्या सुमारास ही उंची ७१ अंशांवर जाते. किरण जितके सरळ, तितकी तीच उष्णता कमी जागेवर पडते. एवढ्या एका फरकाने सपाट जमिनीला मध्यान्ही मिळणारे ऊन पाव हिश्शाहून अधिक वाढते. दिवसही तासाभराने मोठा झालेला असतो. थंडी हटण्याचे मूळ कारण हेच. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही म्हण वर्षातल्या नेमक्या याच वळणावर येते.

घड्याळातली मध्यान्ह मात्र बाराला होत नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला. त्यामुळे मार्चमध्ये पुण्यात सूर्य सर्वांत उंच पोचतो तेव्हा १२ वाजून ४० मिनिटे झालेली असतात. दिवसाचे कमाल तापमान त्याहीनंतर, तीनच्या आसपास नोंदले जाते. याचे कारण असे की ऊन हवेला थेट फारसे तापवत नाही. ते जमिनीला तापवते आणि जमीन हवेला. मध्यान्ह टळल्यावर ऊन उतरू लागले, तरी जमिनीला मिळणारी उष्णता ती गमावते त्याहून अजून काही वेळ जास्तच असते. ही जमा आणि हा खर्च बरोबरीला येईपर्यंत पारा चढत राहतो.

आकाश इतके स्वच्छ का राहते, याचे उत्तर वरच्या हवेत आहे. या दिवसांत वातावरणाच्या वरच्या थरांत अनेकदा जास्त दाबाचे क्षेत्र ठाण मांडते आणि तिथली हवा सावकाश खाली बसू लागते. खाली येणारी हवा दाबली जाते आणि दाबली गेल्याने तापते. कोरडी हवा एक किलोमीटर खाली उतरली की सुमारे १० अंशांनी गरम होते. तापलेल्या कोरड्या हवेत ढग तयार होत नाहीत. त्यात वारा उत्तर-वायव्येचा असला तर तो वाळवंटी प्रदेशाचा कोरडेपणा घेऊन येतो. ढग नाहीत म्हणून ऊन अडत नाही, आणि ऊन अडत नाही म्हणून जमीन आणखी कोरडी होते. एकदा हे चक्र बसले की चार-आठ दिवस सलग सारखेच जातात.

एका दिवसाच्या आतही ठरलेला क्रम असतो. पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड आणि जड असते. तिच्यावर उबदार हवेचे झाकण असल्यामुळे धूर वर जाऊ शकत नाही. मुळा-मुठेच्या काठाने सकाळी दिसणारा धुरकट पट्टा तो हाच. नऊ-दहाच्या सुमारास जमीन तापून हा थर मोडतो. वरची कोरडी हवा खाली मिसळते, झुळूक सुटते, आर्द्रता झपाट्याने घसरते. दुपारी मोकळ्या माळावर वावटळी उठतात. आणि संध्याकाळी पुण्यात पश्चिमेकडून जो सुखद वारा येतो, तो पुष्कळदा अरबी समुद्रावरून निघून घाट चढून आलेला असतो. १९३१ साली के. आर. रामनाथन यांनी पुण्यात पोचणाऱ्या या समुद्री वाऱ्याच्या रचनेवर संशोधन प्रसिद्ध केले होते. अशा वाऱ्याची वेळ रोज लिहून ठेवणाऱ्याला तो कधी लवकर, कधी उशिरा, कधी अजिबातच येत नाही हे आठवडाभरात कळते.

पांढऱ्या पेटीतले आकडे

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. त्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या मनोऱ्याच्या दगडी इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. १९४४ साली मुख्यालय दिल्लीला गेले, पण वेधशाळा राहिली. मुंबईची कुलाबा वेधशाळा तर त्याहून जुनी, १८२६ मधली.

वेधशाळेतल्या नोंदींच्या दोन मुख्य वेळा म्हणजे सकाळचे साडेआठ आणि संध्याकाळचे साडेपाच. जागतिक वेळेनुसार तेव्हा ३ आणि १२ वाजलेले असतात आणि जगभरच्या वेधशाळा त्याच क्षणी आपापली उपकरणे वाचतात. पुण्यातला आकडा कराचीच्या किंवा कोलंबोच्या आकड्याशेजारी ठेवता येतो तो या शिस्तीमुळे.

तापमापक ठेवलेले असतात ते स्टीव्हन्सन पेटीत. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील थॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहे बांधणारे अभियंता. त्यांनी ही पांढरी, चारही बाजूंना झडपा असलेली पेटी तयार केली. ती जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर असते. वारा आतून खेळतो, पण ऊन आत शिरत नाही. आपल्याकडे पेटीचे दार उत्तरेला उघडते, म्हणजे वाचन घेतानाही तापमापकावर उन्हाची तिरीप पडत नाही. मोजायचे असते हवेचे तापमान. उघड्या उन्हात ठेवलेला तापमापक प्रत्यक्षात स्वतः किती तापला आहे, एवढेच सांगतो.

पेटीत चार तापमापक. कमाल तापमापकात पारा असतो आणि फुग्याजवळ नळी मुद्दाम चिंचोळी केलेली असते. पारा चढताना त्या अडचणीतून पुढे जातो, पण उतरताना मागे येऊ शकत नाही. दिवसाच्या सर्वोच्च खुणेवर तो थांबून राहतो. किमान तापमापकात अल्कोहोल असते आणि त्यात एक बारीक काडी. द्रव आकसताना ती काडी मागे ओढली जाते, प्रसरण पावताना मात्र तिथेच राहते. निरीक्षक झोपेत असताना पहाटे किती थंडी पडली, हे ती काडी सकाळी साडेआठला सांगते. पाऱ्याचा वापर थांबवण्याच्या मिनामाता करारानंतर आता ठिकठिकाणी स्वयंचलित केंद्रे आली आहेत. साधने बदलली तरी नवा आकडा जुन्या आकड्याशी जुळवून घेण्याची जबाबदारी तशीच राहते.

उरलेले दोन तापमापक म्हणजे कोरडा आणि ओला. ओल्याच्या फुग्यावर मलमलीची चिंधी असते आणि तिचे टोक पाण्यात. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने हा तापमापक कमी तापमान दाखवतो : पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी, तितका दोघांतला फरक मोठा. मार्चच्या दुपारी पुण्यात कोरडा तापमापक ३५ अंश दाखवत असेल आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओला १९ च्या जवळपास राहील. त्याच वेळी मुंबईत हवा ३३ अंशांची असली तरी आर्द्रता ६५ टक्के असेल, तर ओला तापमापक २७ च्याही वर जातो. घाम वाळण्याचा हिशोब हाच आहे. ‘पुण्यात ऊन लागते, मुंबईत उकडते’ असे आपण सहज म्हणतो, त्याचे मोजमाप या दोन नळ्यांतल्या फरकात आहे.

या ऋतूचे खास उपकरण म्हणजे सूर्यप्रकाशमापक. काचेचा भरीव गोळा आणि त्यामागे जाड कागदाची पट्टी. गोळ्यातून एकवटलेले ऊन पट्टीवर जळकी रेघ ओढत जाते. ढग आला की रेघ तुटते, ढग गेला की पुन्हा सुरू होते. सूर्याची वाट ऋतूप्रमाणे सरकते म्हणून पट्ट्यांचेही तीन प्रकार. हिवाळ्यासाठी आखूड वक्र, उन्हाळ्यासाठी लांब वक्र, आणि विषुवदिनाच्या आगेमागे, म्हणजे मार्च ते एप्रिलच्या पूर्वार्धापर्यंत, सरळ पट्टी. निरभ्र दिवशी त्या सरळ पट्टीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत अखंड रेघ उमटते. ढगांची अनुपस्थितीसुद्धा मोजता येते, हे त्या रेघेकडे पाहिले की पटते.

इथे अ‍ॅना मणी यांचे स्मरण करायला हवे. १९४८ साली त्या पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. त्या काळी साधीसुधी उपकरणेही परदेशातून मागवावी लागत. मणी यांनी सुमारे १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, ती देशात बनू लागली, आणि पुढे सौरऊर्जेच्या मोजणीचे जाळे उभे करण्यातही त्यांचा मोठा वाटा राहिला. उपकरण चुकीचे असेल, तर वर्षानुवर्षांची निष्ठेने केलेली नोंदही फुकट जाते. देशभरच्या निरीक्षकांचे कष्ट त्यांनी त्या नुकसानापासून वाचवले.

शांत रात्रीचे कोडे

निरभ्र दिवसामागून निरभ्र रात्र येते आणि तिची नोंद तितकीच मोलाची. ढगांचे पांघरूण नाही, हवेत बाष्प कमी, वारा पडलेला; अशा वेळी जमीन आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकते. म्हणूनच पुण्यात मार्चमध्ये दुपारी ३५-३६ अंश आणि पहाटे १५-१६ अंश, असा एका दिवसात २० अंशांचा झोका दिसतो. सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसते. ते सूर्योदयाच्या सुमारास असते, कारण तोवर खर्च चालूच असतो आणि जमा काहीच नसते.

अशा रात्री जमीन सर्वांत थंड आणि वर जावे तसतसे तापमान वाढते, असे पुस्तके सांगत. कृषी हवामानशास्त्राचा भारतात पाया घालणारे एल. ए. रामदास यांनी एस. आत्मनाथन यांच्यासह १९३२ साली वेगळेच निरीक्षण प्रसिद्ध केले. निरभ्र, शांत रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली नसते. ती वीतभर-हातभर उंचीवर असते. बाहेरच्या जगाने यावर सहजी विश्वास ठेवला नाही. मोजणीत चूक असावी असेच पुष्कळांना वाटले. पुढे इतरांच्या मोजण्यांतही तेच दिसले आणि या थराला रामदासांचे नाव मिळाले. १९९० च्या दशकात बंगळुरूच्या रोद्दम नरसिंह यांनी सहकाऱ्यांसह उष्णतेच्या प्रारणाच्या आधारे त्याचा उलगडा मांडला. हवेतल्या सूक्ष्म कणांचा त्यात काय वाटा असतो, यावर त्यानंतरही संशोधन होत राहिले. ज्या रात्रीबद्दल वहीत ‘विशेष काही नाही’ असे लिहिले गेले असते, त्या रात्रीने एवढा मोठा प्रश्न दिला. त्याचे श्रेय पुस्तकातल्या विधानापेक्षा आपल्या तापमापकावर जास्त भरवसा ठेवणाऱ्यांना आहे.

किनाऱ्याचा वेगळा हिशोब

घाट उतरला की गणित बदलते. कोकणात दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीवरून मतलई वारे वाहतात. मुंबईत मार्चमध्ये साधारणपणे दुपार भरण्याआधी खारे वारे सुरू होतात आणि पारा ३३ च्या आसपास थोपतो. पण काही दिवशी पूर्वेचा वारा जोरात असतो. सह्याद्री उतरताना तो आणखी तापतो आणि खाऱ्या वाऱ्यांना किनाऱ्यावरच अडवून धरतो. ते दोन-तीन तास उशिरा आले तरी तेवढ्यात तापमान भलतीकडेच गेलेले असते. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंश नोंदले गेले. अशा दिवशी फक्त कमाल तापमान पाहून काही कळत नाही. वारा किती वाजता फिरला ही नोंद हाताशी असेल तरच दिवसाची गोष्ट पुरी होते.

साध्या दिवसांवर उभी असलेली सरासरी

उष्णतेची लाट कशाला म्हणायचे, याचे निकष ठरलेले आहेत. मैदानी भागात सहसा कमाल तापमान किमान ४० अंश हवे आणि ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त हवे. किनाऱ्यावर हीच मर्यादा ३७ अंशांची. म्हणजे उष्णतेची लाट ठरवायला बहुतेक वेळा नुसता आजचा आकडा पुरत नाही. शेजारी सरासरी लागते. ती सरासरी ३० वर्षांच्या रोजच्या नोंदींतून काढतात आणि त्या नोंदींतले बहुतेक दिवस अगदी साधे, कोणाच्याही लक्षात न राहिलेले असतात. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, २०२३ चा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या बाबतीत तोवरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. ही विधाने छातीठोकपणे करता आली, कारण शंभराहून अधिक वर्षे कोणीतरी रोज सकाळी पेटीचे दार उघडत आले आहे.

शेतकऱ्याला तर या दिवसांचा एकेक अंश मोजावा लागतो. तासगाव भागात बेदाण्याच्या शेडवर द्राक्षे साधारण दोन आठवडे सुकतात. कोरडी हवा टिकली तर रंग उत्तम येतो, ढगाळले तर काळवंडतो. कोकणात मात्र मार्चची तीव्र उष्णता हापूसच्या मुळावर येते : लहान फळे गळतात, उन्हाने फळांवर डाग पडतात, आणि तापलेल्या जमिनीची धग फळात साका होण्याला हातभार लावते. घरोघरी कुरडया-पापड घालण्याचे दिवस ठरतात तेही याच कोरड्या उन्हाच्या भरवशावर.

आणि स्वच्छ दिवस मोडणार असतील, तर त्याची चाहूल आकाशाआधी नोंदवहीत लागते. दुपारचे तापमान तेवढेच असते, पण पहाटेचे दोन-तीन अंशांनी वाढलेले दिसते. म्हणजे हवेत बाष्प आले आहे आणि रात्रीची उष्णता अडू लागली आहे. वारा वायव्य सोडून दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे वळतो. ओल्या आणि कोरड्या तापमापकांतले अंतर कमी होते. दुपारी पूर्वेला कापसासारखे ढग डोकावतात. याच वेळी उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभामुळे वरची हवा थंड झाली, तर तापलेली जमीन, खालचे बाष्प आणि वरची थंडी एकत्र येऊन वळीव कोसळतो, कधी गाराही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात दिवसेंदिवस झालेल्या गारपिटीने रब्बीचे आणि फळबागांचे केवढे नुकसान केले, हे अनेक गावे विसरलेली नाहीत.

आपली स्वतःची वही

अशी नोंद घरीही करता येते, करावी. फोनवर दिसणारा आकडा बहुधा संगणकाने एका मोठ्या चौकोनासाठी काढलेला अंदाज असतो. तुमच्या अंगणाचे तापमान त्यात नसते. कमाल-किमान दाखवणारा साधा तापमापक घ्यावा. तो दिवसभर सावली असलेल्या, वारा खेळत्या जागी, भिंतीपासून थोडा दूर आणि छातीच्या उंचीवर टांगावा. स्वयंपाकघराची खिडकी, पत्र्याखालची जागा आणि तापलेली गच्ची टाळावी. वेळ एकच ठेवावी, शक्यतो सकाळी साडेआठ. जागा वरचेवर बदलू नये. बदललीच तर तारीख लिहून ठेवावी.

आकड्यांच्या जोडीला डोळ्यांनी दिसणारे लिहावे. आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांतले किती ढगांनी व्यापले आहेत. अगरबत्तीचा धूर कुठल्या दिशेला जातो. गवतावर दव आहे का. दूरची एखादी ठरलेली खूण दिसते का. पुण्यात नैर्ऋत्येकडे तोंड असलेल्या गच्चीवरून सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा हे त्यासाठी उत्तम माप आहे. झाडांच्या तारखाही टिपाव्यात : पळस, सावर, पांगारा कधी फुलले, पिंपळाला तांबूस पालवी कधी फुटली, मोहर झडून कैऱ्या कधी धरल्या, कोकीळ पहिल्यांदा कधी ऐकू आला, बहावा कधी फुलला. शाळेतल्या मुलांनी एका वर्गाची एक वही धरली आणि पुढच्या वर्गाने ती चालू ठेवली, तर दहा वर्षांत त्या गावाकडे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही अशी माहिती जमा होईल. ज्या दिवशी ‘काही विशेष नाही’ असे वाटेल त्या दिवशीही ओळ लिहावी. रिकामी जागा आणि शून्य यांत फार मोठा फरक आहे : शून्य म्हणजे पाहिले आणि नव्हते, रिकामी जागा म्हणजे पाहिलेच नाही.

सध्या सरासरी धरली जाते ती १९९१ ते २०२० या ३० वर्षांची. दर दहा वर्षांनी ती पुढे सरकते. पुढची २००१ ते २०३० ची असेल. यंदाच्या चैत्रातला प्रत्येक निरभ्र दिवस त्या बेरजेत मोजला जाणार आहे. २०३० नंतरच्या वसंतात एखादी दुपार नेहमीपेक्षा किती जास्त तापली हे जेव्हा कोणी सांगेल, तेव्हा त्या ‘नेहमी’त आजचा दिवस असेल. म्हणून तो नीट लिहिला गेला पाहिजे.